गाडी उभी, बाण मात्र भिरभिरता

वर्धा मार्गावर सिग्नलला गाडी थांबली की मोबाइलच्या नकाशावरचा बाण कधी अजनीकडे, तर कधी विमानतळाकडे तोंड करतो, असा अनुभव अनेकांना येतो. गाडी जागची हललेली नसते, म्हणून फोन बिघडला असे वाटते. खरे तर बिघाड कशातच नसतो. उभ्या वाहनाचे तोंड कुठे आहे, हे एकट्या जीपीएसला सांगता येतच नाही.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून फोन आपले ठिकाण काढतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतात. त्यामुळे वेळ मोजण्यात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते. इतकी काटेकोर मोजणी करूनही मोकळ्या आकाशाखाली काही मीटरची चूक राहतेच आणि ती क्षणाक्षणाला थोडी बदलत असते.

दिशा मात्र थेट मोजली जात नाही. गाडी मघाशी कुठे होती आणि आता कुठे आहे, यावरून ती काढली जाते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १० मीटर पुढे जाते. तेवढ्यात ठिकाण बाजूला एक मीटर चुकले, तर दिशा जेमतेम सहा अंशांनी बिघडते. चालत्या माणसाचे पाऊल सेकंदाला मीटरभर पडते, तिथे तीच चूक ४५ अंशांची होते. गाडी उभी असेल तर पुढे सरकणे शून्य, उरते ती फक्त चूक. बाण त्या चुकीचीच दिशा दाखवतो.

सोनोग्राफीत रक्तप्रवाहाचा वेग मोजायला डॉप्लर तत्त्व वापरतात. तेच तत्त्व वापरून आजचे फोन गाडीचा वेग आणि दिशा अधिक नेमकी काढतात. पण वेगच शून्य असेल तर त्याला दिशा कुठली?

कोविडकाळात घरोघरी पोहोचलेल्या पल्स ऑक्सिमीटरचेही असेच होते. नाडीबरोबर बोटातून जाणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो, त्यावरून तो ऑक्सिजनचा आकडा काढतो. हात गार पडला, नाडी क्षीण झाली की मूळ खूण पुसट होते आणि आकडा उड्या मारू लागतो. अशा वेळी डॉक्टर आधी बोट गरम करतात, नाडीची लहर नीट उमटते का ते पाहतात आणि मगच आकड्यावर विश्वास ठेवतात.

फोनमध्ये चुंबकीय होकायंत्रही असते. परंतु गाडीचा लोखंडी सांगाडा आणि चुंबकाने चिकटणारा मोबाइल स्टँड त्याला चकवतात. नागपूरच्या रस्त्यांनी यात भर घातली आहे. वर्धा मार्गावर खाली रस्ता, त्यावर ३.१४ किलोमीटरचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे. कामठी मार्गावर गड्डीगोदामला तर वाहतुकीचे चार थर झाले आहेत. खालच्या रस्त्यावरून डोक्यावरचे आकाश दिसत नाही. संदेश बाजूने किंवा इमारतींवर आपटून येतात आणि चूक वाढते. गाडी पुलावर आहे की पुलाखाली, याचाही घोळ होतो.

घरी जाणाऱ्याचा यात एखादा वळसा वाढतो, पण रुग्णवाहिकेची गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणून स्थान मिळाले. दुभाजकाच्या रस्त्यावर चुकीच्या बाजूला निघालेली किंवा नको तिथे पुलावर चढलेली रुग्णवाहिका त्याच तासातली मिनिटे गमावते.

यावर उपाय आहेत. जहाजांवर दोन अँटेना अंतरावर बसवून उभ्या स्थितीतही दिशा कळते. चांगली यंत्रे वेग फार कमी झाला की शेवटची खात्रीची दिशा धरून ठेवतात आणि वळणे जायरोस्कोपवरून ओळखतात. रुग्णवाहिकांसाठी यंत्रे घेताना नुसता ‘जीपीएस आहे’ हा शेरा पुरेसा मानू नये. उभ्या गाडीत आणि पुलाखाली ते कसे वागते, याची चाचणी घ्यायला हवी.

नागरिकांनीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. निघताना बाणावर विसंबू नये. गाडी थोडी पुढे गेली की तो ताळ्यावर येतो. आणि १०८ वर फोन करताना लोकेशन पाठवून थांबू नये. पुलावर की पुलाखाली, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, गाड्यांची तोंडे कुठे आहेत आणि जवळच्या मेट्रो खांबाचा क्रमांक काय, एवढे तोंडी सांगावे. उपग्रहाला न दिसणारी ही माहिती तिथे उभ्या असलेल्या माणसाला सहज दिसते.