पडवीतले इंजिन

दिवाळी अंक घरात आला की वडीलमंडळी आधी राशिभविष्याचे पान उघडतात, गृहिणी पाककृती शोधतात आणि मुले व्यंगचित्रांवर तुटून पडतात. यंत्रांविषयीचे आमचे हे सदर बहुधा फराळानंतर, लोडाला टेकून आणि अर्धवट पेंगत वाचले जाते, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही यंदा विषय जरा जड घेतला आहे. ज्या घरात वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे, त्या घरात आज ना उद्या हा प्रश्न उभा राहणारच: “मोटारीचे इंजिन घरी खोलून त्याची ताकद वाढवू का?”

आमच्या घरात तो यंदा उभा राहिला. माझा पुतण्या तीर्थपुरीला असतो. जालना जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातले हे गाव. समर्थ रामदासांचे जांब याच तालुक्यात. ऊस-कापसाचा मुलूख, त्यामुळे डिझेल पंप, ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र खोलून जोडणारी माणसे गावोगाव आहेत. त्यांच्याच संगतीत या पोराचे हात तयार झाले. एके दिवशी त्याने भंगारवाल्याकडून मारुती ८०० चे एक जुने इंजिन आणून पडवीत उतरवले आणि जाहीर केले की, याचे शर्यतीचे इंजिन करणार!

पैशांसाठी त्याने आईकडे हात पसरले. वहिनींनी विहिरीवरच्या नव्या मोटारीसाठी काही रक्कम बाजूला ठेवली होती. त्या मला म्हणाल्या, “भाऊजी, यातले मला काही कळत नाही. तुम्ही नीट बघा. हो म्हणालात तर देते, नाही म्हणालात तर विषय संपला.”

आता, ‘नाही’ म्हणणे सर्वांत सोपे. परंतु आपल्याकडे अशा उद्योगाची परंपरा लहान नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचे नाव जुन्या वाचकांना आठवत असेल. शालेय शिक्षण बेताचे, पण त्यांनी आपल्या कार्यशाळेत स्वतःच्या बुद्धीने एक छोटी मोटार घडविली आणि तिचे नाव ठेवले ‘मीरा’. १९४९ साली पहिली गाडी तयार झाली. पुढे १९७० च्या दशकापर्यंत ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. इंजिन मागच्या बाजूस बसविलेले. ही गाडी कारखान्यातून विक्रीला कधी आली नाही, ही खंत आहेच. पण मोठ्या कारखान्याबाहेर, एका माणसाच्या चिकाटीने मोटार होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरे उदाहरण दक्षिणेतले. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच मारुती ८०० च्या इंजिनावर एकासनी शर्यतगाडी बनविली. ‘फॉर्म्युला मारुती’ म्हणून तिच्या शर्यती होऊ लागल्या. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन हा या गाड्यांवरच सुरुवातीला तयार झाला. तेव्हा बाजारहाटाची ही गरीब गाडी अगदीच टाकाऊ नव्हे, हे पुतण्याचे म्हणणे मला मान्य करावे लागले.

तरी कौतुक वेगळे आणि हिशेब वेगळा. मी त्याला पाटी-पेन्सिल घेऊन बसविले.

इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे काय? दर मिनिटाला अधिक हवा आणि पेट्रोल आत घ्यायचे, ते नीट जाळायचे आणि निर्माण झालेली शक्ती घर्षणात कमीत कमी गमवायची. यापलीकडे त्यात जादू नाही. मार्ग मुख्यतः तीन: सिलिंडर मोठा करणे, दाब वाढविणे आणि फेरे वाढविणे.

मोठेपणापासून सुरुवात करू. या इंजिनात तीन सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. गुणाकार केला की ७९६ घनसेंटिमीटर येतात. आता लेथवाल्याकडून अर्ध्या मिलिमीटरने बोअर वाढवून घेतला, तर किती होतील? ८०८ च्या आसपास. म्हणजे खर्च बोअरिंगचा, नव्या पिस्टनांचा आणि रिंगांचा, अन् वाढ दीड टक्का! झिजलेला सिलिंडर सरळ करण्यासाठी बोअरिंग जरूर करावे, पण ताकदीच्या आशेने करू नये. पुतण्याचा चेहरा इथेच निम्मा उतरला.

दुसरा मार्ग दाबाचा. पिस्टन वर आला की आतले मिश्रण सुमारे पावणेनऊ पट दाबले जाते. त्या वेळी वर उरलेली जागा साधारण ३४ घनसेंटिमीटर. हेड तासून ती ३१ केली, की दाब साडेनऊ पटीच्या घरात जातो. फरक अवघा तीन घनसेंटिमीटरचा, चहाच्या चमच्यात निम्म्याहून थोडा जास्त मावेल एवढा! काम स्वस्त आणि परिणामकारक, पण धोका इथेच आहे. दाब फार वाढला किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर मिश्रण अवेळी भडकते, इंजिन खडखडू लागते आणि पिस्टनच्या डोक्याला भोकही पडू शकते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली तरी तोच प्रकार. स्वयंपाकात मीठ जास्त झाले तर पाणी घालता येते. इथे मात्र पिस्टन वितळला की वितळला.

तिसरा मार्ग फेऱ्यांचा, आणि तरुणांना भुरळ घालणारा तोच. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला शंभर वेळा वर जातो आणि शंभर वेळा खाली येतो. सरासरी वेग ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक, आणि तोही दर सेकंदाला दोनशे वेळा थांबून, दिशा बदलून! वरच्या टोकाला त्याच्यावर येणारी ओढ त्याच्या वजनाच्या दीड हजार पटींहून अधिक असते. पिस्टन २०० ग्रॅमचा धरा, तर तीनशे किलोंहून जास्त भार त्या बोटभर दांड्यावर आला. फेरे ६,००० चे ७,००० केले, तर ही ओढ सहाव्या हिश्श्याने नव्हे, तर सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. कारण ती फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दांडा तुटला तर तो ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि जवळ कोण उभे आहे ते पाहत नाही.

हा हिशेब झाल्यावर पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, म्हणजे करायचंच नाही का?”

मी म्हटले, “करायचे. पण ताकद मागाहून. आधी अचूकपणा.”

आणि वाचकहो, या छंदाचे खरे मर्म हेच आहे. चांगले इंजिन नव्या सुट्या भागांपेक्षा मोजमापाने होते. त्याने काय काय केले ते सांगतो, म्हणजे तुमच्या घरच्या उत्साही कारागिरालाही उपयोग होईल.

प्रथम त्याने हेड आणि ब्लॉक धुऊन रॉकेल चोपडले, कोरडे पुसले आणि वर खडूची पूड उधळली. कोठे चीर असेल तर आत शिरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. मग तिन्ही पिस्टन आणि दांडे गावातल्या सोनाराच्या काट्यावर तोलले. सोनाराला आधी वाटले, पोराचे डोके फिरले आहे! सर्वांत हलका पिस्टन प्रमाण धरून बाकीचे दोन आतून, जेथे जोर येत नाही तेथे, कानशीने बेताबेताने घासून त्याच्या बरोबरीला आणले. तिन्ही सारखे झाले की थरथर कमी होते आणि बेअरिंगे जास्त टिकतात.

त्यानंतर व्हॉल्व्ह. घासण्याची पेस्ट लावून ते बैठकीवर फिरवायचे आणि मग वाटेत रॉकेल ओतून पाहायचे. थेंब झिरपला की पुन्हा घासायचे. हवेच्या वाटेतले ओतकामाचे खडबडीत कंगोरे त्याने गुळगुळीत केले, पण वाट रुंद केली नाही. फार रुंद वाटेत हवा मंदावते आणि कमी फेऱ्यांवर इंजिन निर्जीव होते. रिंगांच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजली आणि हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले. लेथचे काम तेवढे जालन्याहून करून आणले.

मी दोन अटी घातल्या होत्या. पहिली, हे इंजिन लोखंडी घोडीवर, मोकळ्या हवेत चालवायचे. बंद खोलीत धुराड्यातला विषारी वायू वासही न येता माणसाला निजवतो. दुसरी अट, हे इंजिन रस्त्यावरच्या गाडीत घालायचे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ५२ वे कलम असे आहे की, नोंदणीत लिहिलेला आणि निर्मात्याने ठरविलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. विम्याच्या वेळीही असा फेरफार अंगाशी येतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून बनविलेल्या गाडीची गोष्ट आपण वाचली असेल. आनंद महिंद्रा यांनी २०२१ साली तिचे कौतुक केले आणि २०२२ साली त्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. पण ती गाडी नियमांत बसत नाही, हेही कौतुक करतानाच स्पष्ट सांगितले होते. शर्यतीची हौस शर्यतीच्या मैदानावर. शिवाय ज्या गाडीचे ब्रेक जुन्या ताकदीसाठी घडवले आहेत, तिला दुप्पट धाव देणे म्हणजे विहिरीला कठडा नसताना पोहरा मोठा करणे.

श्रावणात इंजिन प्रथम सुरू झाले. तिन्ही सिलिंडरांचा दाब मापकावर सारखा आला, यात त्याला जेवढा आनंद झाला तेवढा वेगाच्या काट्याने झाला नसता, असे मला वाटते. ताकद किती वाढली? ती मोजायचे यंत्र आमच्याकडे नाही, तेव्हा आकडा सांगत नाही.

खर्च मात्र सांगतो. वहिनींच्या रकमेतला तिसरा हिस्सा गेला. विहिरीवर नवी मोटार यंदा आली नाही, जुनीच रिवाइंड करून बसविली आहे. त्यांना मी विचारले, “वहिनी, पैसे वाया गेले असे वाटते का?” त्या म्हणाल्या, “मोटार पुढच्या साली येईल. पण हा पोरगा आधी मापायला लागला अन् मग बोलायला लागला, हे काही कमी आहे का?”

तुमच्या घरीही असा कोणी असेल, तर त्याला एकदम हाकलू नका आणि एकदम पैसेही देऊ नका. कागद-पेन्सिल द्या आणि हिशेब मांडायला सांगा. हिशेब मांडूनही ज्याची हौस टिकली, त्याला या दिवाळीत फटाक्यांऐवजी एक चांगला टॉर्क पाना घेऊन द्या. पैसे सत्कारणी लागतील, आणि पाडव्याला पूजेत मांडायलाही ते हत्यार शोभून दिसेल!