दोन बोटांची ढील

आमच्या अँबॅसडरला कोणी नावे ठेवली की आमच्या कपाळावर आठी पडते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच गेल्या दिवाळीच्या आठवड्यात सूनबाई महूनाक्यावरून सामान घेऊन परतली आणि किल्ली आमच्या हाती देत म्हणाली, "बाबा, ही गाडी सरळ जातच नाही हो. सारखं चाक सावरत बसावं लागतं," तेव्हा स्वयंपाकघरातल्या झाऱ्याचा आवाजही क्षणभर थांबला.

आम्ही ते हसण्यावारी नेले. सूनबाई देवासची. मोटार शिकली ती पॉवर स्टिअरिंगवर, एका बोटाने फिरणाऱ्या चाकावर. आमच्या गाडीचा भारदस्तपणा तिला कसा उमगावा, असे आम्ही मनाशी म्हणालो आणि चकलीकडे वळलो.

ही गाडी आमच्या तीर्थरूपांनी १९८४ साली घेतली. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी मोटारीच्या नमुन्यावर हिंदुस्थान मोटर्सने ही जात १९५७ पासून बनवली, आणि उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. अंगाने अवजड असली तरी तिचे स्टिअरिंग मात्र सुटसुटीत, रॅक आणि पिनियनचे. चाकाच्या दांड्याच्या टोकाशी एक लहान दातेरी चक्र असते, ते एका दातेरी सळईला डावी-उजवीकडे सरकवते, आणि त्या सळईची टोके पुढच्या चाकांना ओढतात किंवा ढकलतात. मधे फारशी मध्यस्थी नाही, त्यामुळे रस्त्यावरचा खडा थेट तळहाताला कळतो. उभ्या गाडीत चाक फिरवायचे तर खांद्यातून जोर लावावा लागतो. गाडी चालती झाली की तेच चाक हलके होते आणि वळण संपताच तळव्यातून सरकत आपणहून सरळ येते. तीर्थरूप म्हणत, "चाक आवळू नकोस, नुसतं त्याच्याबरोबर राहा."

आणि काय काय वाहिले आहे या गाडीने! पुढच्या सलग बाकावर तिघे, मागे चार मोठी माणसे, त्यांच्या मांडीवर मुले आणि डिकीत आठ दिवसांचा संसार. मागचे पाटे खाली बसत, गाडीचे नाक वर येई आणि चाक एकदम हलके लागे. नवशिक्याला यात सुख वाटते. वस्तुतः पुढच्या टायरांवरचा भार कमी झाल्याची ती सूचना असते. सिमरोळ ओलांडून भेरूघाट उतरताना अशा भरल्या गाडीचा वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, गिअर खाली घ्यायचा, आणि वळणाच्या ऐन मध्यावर ब्रेक दाबायचा नाही, हे आम्हाला त्या घाटाने शिकवले. इतके शिकलेल्या माणसाला, गाडी सरळ जात नाही, असे कालच्या मुलीने सांगावे!

दिवाळी सरल्यावर केवळ तिचे समाधान करावे म्हणून आम्ही मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी सरळ उभी करवली, इंजिन बंद ठेवले, खिडकीतून हात घालून चाक हलकेच हलवू लागला आणि आम्हाला पुढच्या टायरकडे पाहायला सांगितले. हातातले चाक चांगली दोन बोटे फिरले, तरी टायर जागचे हलले नव्हते. मग जॅकवर गाडी उचलून त्याने टायर घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवले. खट्खट् आवाज आला. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले, तेव्हा आवाज नाही. बेअरिंग शाबूत होते. झिजली होती ती टाय रॉडची टोके. त्यांची रबरी टोपणे केव्हाच फाटून आत धूळ गेली होती. डाव्या टायरची बाहेरची कड तुळतुळीत झाली होती, आणि हे टायर आम्ही रोज सकाळी फडक्याने पुसतो!

"बाबूजी, ये आज का नहीं है," एवढेच तो बोलला.

खरेच, ही ढील एका दिवसात आलेली नव्हती. ती रोज सुताएवढी वाढत गेली आणि आमचा हात तिला रोज सुताएवढा सांभाळून घेत गेला. सरळ रस्त्यावरही आम्ही चाक सतत डावी-उजवीकडे हलवत असू आणि यालाच मोटार चालवणे समजत असू. त्या घाटात समोरून लादलेले ट्रक येत, मागच्या बाकावर नातवंडे झोपलेली असत. पहिल्यांदा बसलेल्या हाताला जे महूनाक्यापर्यंत कळले, ते आमच्या हाताला कळू शकत नव्हते. त्या रात्री झोप चांगली लागली नाही.

टोके बदलली, चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. नवलाची गोष्ट म्हणजे दुसऱ्या दिवशी आम्हीच चुकलो. हात जुन्या सवयीने दोन बोटे जास्त फिरला आणि गाडी आमच्याच फाटकाच्या खांबाला चाटून गेली. सौ. गॅलरीत उभी होती. ती काही बोलली नाही, हे विशेष.

याच हाताने पुढे चिरंजिवांच्या नव्या सेडानमध्ये याहून मोठा घोटाळा केला. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी घरंगळत नेण्याची आमच्या पिढीची एक वाईट खोड आहे. जुन्या गाडीत तेही चूकच, कारण इंजिनाचा रोध जातो. पण तिच्या चाकाला मुळात कोणाची मदत नसल्याने हाताला फरक कळत नसे. नव्या गाडीत किल्ली फिरवताच चाकाला मदत करणारी विजेची मोटार थांबली, चाक दगडासारखे जड झाले, आणि दोनदा दाबल्यावर ब्रेकही ताठ झाला. किल्ली बाहेर काढली असती तर चाकाला कुलूपच बसले असते. उतार लहान होता आणि रस्ता रिकामा होता, म्हणून निभावले. चिरंजिवांना हे या पानावरच प्रथम कळणार आहे.

देवदिवाळीला आम्ही सारे अँबॅसडरमधून ओंकारेश्वरास निघालो. सिमरोळला चहा झाल्यावर आम्ही आपणहून किल्ली सूनबाईपुढे धरली. तिने एकवार आमच्याकडे पाहिले आणि चाकामागे जाऊन बसली. घाट तिने दुसऱ्या गिअरमध्ये, मुळीच घाई न करता उतरवला. तिचे हात जवळजवळ स्थिर होते. स्थिर नव्हता तो आमचा उजवा पाय. तो प्रत्येक वळणाआधी नसलेला ब्रेक दाबत होता.

"अहो, पाय आवरा," मागून सौ. म्हणाली.

मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा दिसली, तेव्हा नाणे टाकण्यासाठी तिने नेहमीप्रमाणे काच खाली करायला लावली. परतीचा चढ आमच्याकडे होता.