नऊ वर्षं अर्धा राहिलेला स्वेटर

वस्तीत बीपी तपासायला बसलो की पट्टा बांधण्याआधी आम्ही बाईचा हात बघून घेतो. वॉर्डातली जुनी सवय आहे, नोकरी सुटली तरी ती सुटली नाही. हात बरंच सांगतो. भांडी घासणारीच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या असतात, विडी वळणारीचा अंगठा लगेच ओळखू येतो, आणि सारखं विणणारीच्या पहिल्या बोटावर लोकरीच्या धाग्याने पाडलेली बारीक रेघ असते.

मागच्या थंडीत नागपुरात अशी रेघ असलेला एक हात आमच्यापुढे आला. मावशी साठीला आलेल्या. म्हणाल्या, "रातच्याला हात मरून जाते पोरी. झटकला का मंग जित्ता होते. लकवा तं नाही ना?"

लकवा नव्हता. कशावरून, ते पुढे सांगतो. पण हाताला इतकं काय काम पडतं ते बघायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. मावशींनी पलंगाखालची पेटी ओढली. वर तीन टोपडी, मोज्यांचे चार जोड, एक कुंची, पुतणीच्या होणाऱ्या बाळाचा पिवळा स्वेटर. सगळं घडी घालून, डांबराच्या गोळीसकट. आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत मरून रंगाचं काहीतरी. एका मोठ्या स्वेटरची पाठ होती ती. टाके सुटू नयेत म्हणून जाड दोऱ्यात ओवून ठेवलेले. "हे कोणाचं?" आम्ही विचारलं. "ते माहं हाय," मावशी म्हणाल्या आणि पिशवी परत तळाशी घातली.

नऊ वर्षांपूर्वी घातलेला स्वेटर. पाठ झाली, पुढचे दोन पाखे आणि बाह्या राहिल्या. सुयांची जोडी एकच. दर दिवाळीनंतर तो काढायचा, चार ओळी विणायच्या, तेवढ्यात कोणाच्या तरी घरी पाळणा हलायचा, की टाके दोऱ्यात आणि सुया बाळंतविड्याला. हे सांगताना त्यांच्या अंगावर साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट होता आणि पदर कानावरून गुंडाळलेला. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहाच्या खाली उतरतो. टिनाच्या छताखाली त्याहून गार वाटतं.

आरोग्याच्या पानावर विणकामाचं काय काम, असं कोणी म्हणेल. आमचं म्हणणं असं की ज्या बाईच्या सुया फक्त दुसऱ्यासाठी चालतात, तिच्या पेटीत डोकावून बघणं हे नर्सचंच काम आहे. तिचं जेवण असंच शेवटचं असतं, तिची गोळी अशीच संपलेली असते, तिचा चष्मा असाच पुढच्या महिन्यावर गेलेला असतो. स्वेटर त्या ओळीतलाच आहे. फरक इतकाच की तो पेटीत दिसतो.

विणण्याच्या आम्ही विरोधात नाही. होस्टेलवर आम्हीही सुलट-उलट शिकलो. दिवसभर कोणाचं ना कोणाचं ऐकणाऱ्या बाईला संध्याकाळी टाके मोजण्यात जी शांतता मिळते, ती आम्हाला ठाऊक आहे. आपल्या हाताने केलेलं टोपडं बाळाच्या डोक्यावर बघण्याचा आनंदही खोटा नाही. तो काढून घ्यायचा नाही आम्हाला. आम्हाला फक्त ती मरून पाठ पिशवीतून बाहेर काढायची आहे.

आणि यात आमचाही दोष आहे, तो आधी कबूल करतो. मंडळाच्या कार्यक्रमाला पाहुण्यांना हार-नारळ नको, आपल्या बायांच्या हातचं काहीतरी देऊ, ही कल्पना आमचीच. क्रोशाचे रुमाल ठरले. आठ दिवसांत पंचवीस. भाषणात आम्ही त्या रुमालांचं कौतुक केलं, श्रमाला मान वगैरे बोललो. ते पंचवीस रुमाल दोघींनी रात्री जागून केले होते आणि त्यांना दोऱ्याचे पैसेसुद्धा कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांनी मिळाले. मजुरीचा विषय कोणी काढलाच नाही. आम्हीही नाही. बायांच्या हक्कांवर बोलणाऱ्या बायांनी दोन बायांचे आठ दिवस फुकट घेतले, हे दुसरं काही म्हणून सांगता येत नाही.

त्यानंतर आम्ही एक खूणगाठ बांधली. भेट आधी आपल्या मनात येते. फर्माईश दुसऱ्याच्या तोंडून येते. पुतणीच्या बाळासाठी आपल्याला वाटलं, ती भेट. "काकू, माझ्या मॅडमच्या सुनेला एक सेट करून द्या ना, तुमचा हात छान आहे" ही फर्माईश. तिला लोकरीचे पैसे आणि हाताचे पैसे, दोन्ही सांगायचे. टोपडं-मोज्याच्या एका सेटला घरकाम सांभाळून चार-पाच संध्याकाळी जातात. मागणाऱ्याला हे माहीत नसतं, कारण त्याने कधी मोजलेलं नसतं.

आपल्याकडे वर्षावास संपला की अश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत कठीण चीवरदानाचा महिना असतो. विहारात आपण चीवर देतो, पुण्यानुमोदन होतं, घरी येतो. पण विनयात त्याची रीत कशी आहे ती फारसं कोणी सांगत नाही. मिळालेलं कापड त्याच दिवशी कापायचं, शिवायचं, रंगवायचं, आणि ते काम एकट्याचं नाही, संघातले सगळे भिक्खू हात लावतात. आणि तयार चीवर द्यायचं कोणाला? ज्याचं अंगावरचं चीवर सगळ्यात जास्त विरलं आहे त्याला. अट्ठकथेत तसं सांगितलं आहे. सर्वांत लाडका कोण, सर्वांत मोठा कोण, हे त्या जागी पहिलं येत नाही. अंगावरचं कापड बघायचं.

हाच नियम आपल्या घराला लावून बघा. घरात सगळ्यात विरलेलं कोणाच्या अंगावर आहे? बाळाकडे चार कुंच्या आहेत. मुलाने तिबेटी लोकांच्या दुकानातून जाकीट आणलं आहे. नवऱ्याला स्वेटर आहे. मग ताई, या वर्षी दान कोणाला लागतं?

आता हाताचं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. खाली हाडं, वर जाड पट्टा. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. सूज आली की जागा कमी पडते आणि नस दाबली जाते. याला डॉक्टर कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सुटते. त्रास रात्री जास्त, झोपेतून जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. मावशींनी सांगितलं ते हेच. विणकामाने तो त्रास वाढतो, पण सगळा दोष सुयांवर टाकू नका. धुणं पिळणं आहे, भाकरी थापणं आहे, आणि थायरॉइड किंवा साखर वाढलेली असेल तर तेही कारण असतं. म्हणून रक्त तपासून घ्या. गरोदरपणात हा त्रास बऱ्याच जणींना होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा जातो. रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा बांधून झोपलं तर पुष्कळ जणींना आराम पडतो. मात्र अंगठ्याच्या बुडाचं मांस बसायला लागलं, कप हातातून निसटायला लागला, की घरगुती उपाय पुरे, डॉक्टरला दाखवायचंच.

लकवा वेगळा. तो अचानक येतो. तोंड एका बाजूला वाकडं होतं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, बोलणं अडखळतं. तिथे झटकत बसायचं नाही, मोठा दवाखाना गाठायचा. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि तिसरी गोष्ट, आपल्या विदर्भात सांगायलाच हवी अशी: करंगळीची बाजू बधिर होत असेल आणि अंगावर कुठे फिकट, सुन्न चट्टा असेल तर लपवू नका. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर हात वाचतो.

डोळ्यांचं थोडक्यात. चाळिशी चाळिशीत लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रात्री एका बल्बखाली काळी किंवा मरून लोकर डोळ्याजवळ धरून विणाल तर मान आणि डोकं दोन्ही दुखेल. गडद रंग उजेडात विणा. लोकरीचे दोन गुंडे कमी आणा, पण चष्मा करा.

बाळांसाठी विणता त्याबद्दलही बोलतो, कारण इथे मायेपोटी चुका होतात. टोपड्याला गळ्याशी बांधायचे बंद नकोत. मोजे आतून उलटे करून बघा; लोंबता धागा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला तर बोट सुजतं, बाळ रडत राहतं आणि मोज्याच्या आत कोणी बघत नाही. जाळीची वीण बाळाच्या मोज्याला नकोच, बोट अडकतं. कमी वजनाच्या, दिवस भरायच्या आत झालेल्या बाळाला टोपडं खरंच लागतं; आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरायचं तेव्हाही त्याचं डोकं झाकलेलं असावं. पण एप्रिल-मेमध्ये झालेल्या बाळाला लोकरीचा बाळंतविडा? नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. कुंचीत गुंडाळलेली, घामोळ्यांनी भरलेली, अंग तापलेली बाळं आम्ही वॉर्डात पाहिली आहेत. आजीला वाटतं आपण माया केली. उन्हाळ्याच्या बाळाला जुन्या धुतलेल्या सुती साडीचं दुपटं द्या. एका दुपारी शिवून होतं. वाचलेल्या चार संध्याकाळी तुमच्या.

मग दोन्ही कसं जमवायचं? आमचा पहिला सल्ला अगदी साधा आहे: सुयांची दुसरी जोडी घ्या. मावशींचा स्वेटर नऊ वर्षं अडला तो माया जास्त झाली म्हणून तर होताच, पण सुया एकाच होत्या म्हणूनही. एक जोडी तुमची. तिच्यावरचे टाके कोणाच्याही बाळासाठी उतरवायचे नाहीत. बसलात की आधी स्वतःच्या चार ओळी, मग भेटीचं काम. उलटं केलंत तर चार ओळी उद्यावर जातात, हे सगळ्या जणींना माहीत आहे. स्वतःचं साध्या सुलट विणीत घाला, म्हणजे बोलता बोलताही होतं. डिझाइन भेटीसाठी आणि दिवसाच्या उजेडासाठी ठेवा. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून मूठ उघडा-मिटा, मान फिरवा. आणि शाल नको, स्वेटर घाला, मनगटाशी घट्ट बसणारा. बाजारात लोकर म्हणून जी मिळते त्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते. ती आगीजवळ वितळते आणि कातडीला चिकटते. गॅसपुढे किंवा चुलीपुढे शालीचं टोक लोंबत असलं तर काय होतं, ते जळीत वॉर्डात काम केलेल्या बाईला विचारू नका.

खरी अडचण सुयांची नाहीच म्हणा. ती "नाही" म्हणण्याची आहे. आपल्या बाया नकार देतात तो एकाच कारणाने: "हात दुखतो गं." दुखणं असेल तरच सुटका. मग दुखेपर्यंत करत राहायचं, आणि दुखायला लागलं की ते कारण म्हणून वापरायचं. "सध्या माझं विणायला घेतलंय, ते झाल्यावर बघू" एवढं वाक्य पुरेसं का नसावं? हे वाक्य म्हणताना जीभ किती जड होते ते एकदा म्हणून बघा. आमचीही झाली होती. समोरची रुसते, दोन दिवस बोलत नाही, मग स्वतःच बाजारातून टोपडं आणते. बाळाला काही फरक पडत नाही.

घरातल्या पुरुषांनाही एक सांगायचं आहे. आईने विणलेला स्वेटर घालून हिंडता, तर तिचा स्वतःचा कुठे आहे हे कधी तरी विचारा. आणि मुलांना विणायला शिकवा. त्यांनाही बोटं आहेत.

मावशींच्या स्वेटरचं काय झालं? आम्ही तिघी-चौघींनी चीवराचीच रीत धरली. एकीने डावा पाखा घेतला, एकीने उजवा. नऊ वर्षांपूर्वीचा मरून आता बाजारात मिळेना, म्हणून बाह्या करड्या घालायचं ठरलं. मावशींना ते पसंत नव्हतं. "दोन रंगाचा घालून विहारात कशी येऊ," म्हणाल्या. रात्री पट्टा बांधून झोपतात, हात आता कमी मरतो. साखर निघाली, त्याची गोळी सुरू आहे. एक बाही झाली. दुसरी त्यांनी स्वतःकडे घेतली आहे, आणि परवा बघितलं तर ती सुईवर होती, कोपरापर्यंत आलेली. शेजारी पाटावर एक निळं टोपडंही होतं. आम्ही टोपड्याकडे बघितलं तशा मावशी म्हणाल्या, "ते दुसऱ्या सुयांवर हाय."