शेतकऱ्याने रिटायर कधी व्हायचे?



मागील लागण हंगामात एकाच घरातले दोघे जण आठ दिवसांच्या अंतराने माझ्याकडे गट ऑफिसला येऊन गेले. आधी तात्या आले. वय एकाहत्तर, चार एकर ऊस, कारखान्याला तीस वर्षांपासून ऊस घालणारे. म्हणाले, "साहेब, बिलातनं सोसायटीची वसुली जाते, उरलेलं पोरगा काढून आणतो. डोळ्याचं औषध आणायचं म्हटलं तर सुनेपुढं जाऊन उभं राहावं लागतं." पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा आला. वय चव्वेचाळीस. तो म्हणाला, "ठिबक करायचं म्हटलं तरी म्हाताऱ्याची सही. पाचट जाळू नका म्हणून तुम्ही सांगता, मला पटतं, ते पेटवून मोकळे होतात. मी शेतकरी कधी व्हायचं?"

दोघांचेही बरोबर होते. मी दोघांनाही चहा पाजला आणि काही न बोलता लावून दिले, कारण सांगण्यासारखे माझ्याजवळ त्या दिवशी काही नव्हते. हा लेख त्या दोघांसाठी आहे असे समजावे.

सरकारी नोकर अठ्ठावन्नाव्या वर्षी हार-नारळ घेऊन घरी जातो. कारखान्याच्या कामगारालाही १९५२ च्या कायद्याने फंड आहे, मलाही आहे. पण ज्याच्या उसावर आम्हा सर्वांचा पगार निघतो त्या सभासदाला ना फंड, ना ग्रॅच्युइटी. त्याने रिटायर व्हायचे म्हणजे थेट सरणावरच, असे आपण हसत बोलतो. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही असे माझे मत आहे. माझे म्हणणे असे की शेतकऱ्याने पंचावन्नाव्या वर्षी कारभार पोराच्या हाती द्यावा, आणि तोपर्यंत स्वतःच्या पोटापुरती सोय अशी करून ठेवावी की पुढे कोणापुढे हात पसरायला नको.

हे पुस्तकातून वाचून सांगत नाही. गाळप बंद झाल्यावर मी भिवंडीला कामतघरला मावसभावाकडे त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो होतो. दादा विशीत गाव सोडून गेला. जमीन दीड एकर, तीही जिरायत, वाटणीला तिघे भाऊ. भिवंडीत यंत्रमागावर लागला, पुढे जॉबर झाला. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, मागाच्या खडखडाटाने एक कान कायमचा गेला. लहान कारखाना, तिथे फंडाचे नाव नाही. म्हणजे आपल्या सभासदापेक्षा परिस्थिती वाईटच. तरी बावन्नाव्या वर्षी त्याने पाळी सोडली, आणि आज तो कोणाच्या जिवावर जगत नाही.

हे कसे जमले ते मी खोदून विचारले. दादा हसला आणि वहिनींकडे बोट केले. वहिनी मागवाल्या कामगारांची भिसी चालवायच्या. भिवंडीत भिसी म्हणजे खानावळ. (आपल्याकडे भिशी म्हणजे महिन्याची वर्गणी. त्या घरात दोन्ही अर्थ एकच झाले म्हणायचे.) तेलंगणाचे, उत्तर प्रदेशचे, आपल्याकडचे, अशा वीस-बावीस माणसांच्या भाकऱ्या-चपात्या दोन वेळा. घर चालायचे ते भिसीवर, आणि दादाची मजुरी पोस्टात जायची. शाळेच्या वहीत सगळा हिशेब, अजून ती वही आहे. त्या शिलकेतून कामतघरातच चाळीतली एक खोली घेतली, दहा वर्षांनी दुसरी. आज एकीत राहतात, दुसरीचे भाडे येते, पोस्टाचे व्याज येते. सकाळी दादा वऱ्हाळा तलावापर्यंत चालत जातो, येताना भाजी आणतो, संध्याकाळी भजनाला बसतो. साखरपुडा दारातच मांडव घालून केला, शंभर पाने. चैन नाही, पण चेहऱ्यावर जी स्वस्थता दिसली ती आपल्याकडच्या वीस एकरवाल्याच्याही चेहऱ्यावर मी क्वचित पाहिली आहे.

मधे एकदा तोही फसला होता. तीन वर्षांत दामदुप्पट म्हणणाऱ्या एका मंडळीकडे चाळीस हजार घातले, ते बुडाले. वहिनी त्या विषयावर अजूनही दादाशी अर्ध्या आवाजातच बोलतात.

आता आपला हिशेब. दोन एकर उसाचा सभासद धरा. एकरी ४५ टन म्हणजे ९० टन. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. उतारा कमी-जास्त, तोडणी-वाहतूक वजा, हे सगळे धरून हातात टनामागे ढोबळ ३,००० रुपये पडतात असे समजू. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे टनाला ३०० रुपये, बाजूला काढायचे. वर्षाला २७,००० झाले. हे पोस्टात किंवा बँकेत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीपीएफमध्ये घालावेत. ही योजना १९६८ पासूनची आहे आणि नोकरदारालाच मिळते हा समज चुकीचा आहे, शेतकऱ्यालाही खाते उघडता येते. मुदत पंधरा वर्षे, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२० मध्ये ठरलेला ७.१ टक्के दर २०२५ अखेरपर्यंत तोच होता. दर तिमाहीला सरकार ठरवते, तेव्हा पुढेही हाच राहील असे लिहून कोणी देणार नाही. पण याच दराने धरले तर तिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याचे पंचावन्नाव्या वर्षी सव्वासतरा लाखांच्या वर होतात. चाळिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याचे? जेमतेम पावणेसात लाख. भरलेल्या रकमेत फरक पावणेतीन लाखांचा आणि हातात येणाऱ्या रकमेत साडेदहा लाखांचा. खोडव्याला जसे बेणे लागत नाही तसेच हे व्याजावरचे व्याज आहे. मात्र खोडव्याचे बुडखे वेळेवर छाटावे लागतात, आणि इथे मधेच पैसे काढण्याचा मोह छाटावा लागतो.

त्यातले पंधरा लाख नवरा-बायकोच्या जोडनावाने पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले तर २०२५ च्या ७.४ टक्के दराने महिन्याला ९,२५० रुपये घरपोच नसले तरी खात्यावर येतात. उरलेले दोन-सव्वादोन लाख दुखण्याखुपण्याला राहू द्यावेत. साठी ओलांडल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत याहून थोडे जास्त व्याज मिळते.

कोणी म्हणेल, पंचवीस वर्षांनी नऊ हजाराला काय किंमत राहणार? रास्त शंका आहे. म्हणूनच मी रुपयांत न सांगता दहावा हिस्सा म्हटले. दर वाढला की हिस्साही वाढवायचा. तेवढ्याने महागाईची पूर्ण भरपाई होईल असे मी म्हणत नाही. पण घरचे धान्य, घरचे दूध, राहायला स्वतःचे घर ज्याला आहे त्याला शहरातल्या माणसाइतकी रक्कम लागत नाही, हा आपला फायदा आहे.

दुसरे कोणी म्हणेल, उरतच नाही तर काढायचे कुठून? इथे मात्र मी माझ्या खात्याचे बोलतो. पट्टा साडेचार-पाच फूट ठेवून एक डोळ्याची रोपे लावली तर बेण्याचा खर्च निम्म्याहून खाली येतो. पाचट कुजवले तर खताची गोणी वाचते. माती परीक्षण न करता जो युरियाचा मारा होतो त्यात किती पैसे मातीत जातात ते मी रोज पाहतो. आणि लग्नाच्या मांडवाविषयी, पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरने दोन एकर नांगरण्याविषयी मी इथे लिहीत नाही, पुढच्या महिन्यात मला गावात फिरायचे आहे.

पैसे कारखान्यातच ठेवीला ठेवा असे मी का म्हणत नाही, असे कोणी विचारील. कारखाना आपलाच आहे. पण ऊस ज्याच्यावर अवलंबून त्याच्यावरच म्हातारपणही अवलंबून ठेवू नये. ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षी ऊसही नाही आणि गाळपही नाही. संपादकांनी हे वाक्य कापू नये ही विनंती.

मगरपट्ट्याचे उदाहरण हल्ली सभांतून फार दिले जाते. हडपसरच्या ऊस उत्पादकांनीच, सुमारे १२० कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले आणि सतीश मगर यांच्या पुढाकाराने २००० च्या सुमारास तिथे नगर उभे राहू लागले. मोठे काम आहे. आपल्यासारख्या भागधारकांना तर ते लगेच समजते. पण पुणे शहर आपल्या बांधावर येणार नाही. भिवंडीच्या वेशीवर मात्र याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. नाशिक हायवेच्या कडेची भातखाचरे जाऊन गोदामे झाली. ज्यांनी गोदाम बांधून भाड्याने दिले त्यांची दोन पिढ्यांची सोय झाली, ज्यांनी जमीन एकरकमी विकून गाड्या घेतल्या त्यांतले काही त्याच गोदामावर रखवालीला आहेत. दादाने मला असे एक घर लांबून दाखवले.

राहिली सातबाराची गोष्ट. कारभार द्या म्हणजे जमीन लिहून द्या असे नाही. कसायला, पीक ठरवायला, सहीला पोराला पूर्ण मोकळीक द्यावी, पण निदान अर्धा एकर आपल्या व मालकिणीच्या नावे शेवटपर्यंत असावा. आईवडिलांच्या पोटगीचा २००७ चा कायदा आहे, प्रांताकडे अर्ज करता येतो. तो अर्ज लिहायची वेळ कोणावर न येवो. शरद जोशींनी १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा काही गावांनी बायकांची नावे सातबाऱ्यावर लावली. आपल्या गटात आजही अशी खाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कामतघरच्या वहिनींची वही पाहिल्यापासून मला तर वाटते, पैशाचे खाते आधी तिच्याच नावाने उघडावे.

तात्यांचे आता वय गेले, त्यांना पीपीएफचा उपयोग नाही. त्यांच्या मुलाला मी सुचवले आहे की चार एकरांपैकी वीस गुंठ्यांची ऊस नोंद वेगळी करावी आणि त्या बिलातले उरलेले तात्यांच्या हाती द्यावे, त्याने विचारायचे नाही. विचार करतो म्हणाला. आडसालीच्या नोंदी सुरू झाल्या की दर बुधवारी मी गट ऑफिसला असेन, पोस्टाचे कोरे फॉर्म टेबलावर ठेवलेले असतील. येताना आधार कार्ड, दोन फोटो आणि घरच्या मालकिणीला बरोबर आणावे.

— ऊस विकास अधिकारी