राबणारी बाई निराधार नसते काय?

नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीने शासनाकडे अनुदान मागितले की आपल्या धर्मग्रामांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "ती तर शाळेत स्वयंपाकाला जाते, मग तिला अनुदान कशाला?" हा प्रश्न विचारणारी माणसे दुष्ट नसतात. रविवारच्या मिस्साला नेमाने येणारी, अडल्यानडल्याला हात देणारी अशीच ती असतात. तरीही हा प्रश्न अन्यायाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब मांडू. शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या बाईचे दरमहा मानधन २०२३ साली १,५०० वरून २,५०० रुपये झाले. ते मिळते वर्षातून १० महिने. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेची चूल थंड असते. घरची चूल सुटी घेत नाही. वर्षाकाठी हाती येतात २५,००० रुपये. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा मात्र आहे २१,००० रुपये. जुन्या मानधनावर, १५,००० रुपयांत, ती पात्र होती. वाढीव मानधनावर ती चार हजारांनी 'सधन' ठरली! महिन्याला हजार रुपये वाढवून दीड हजारांचे दार लावून घेणे, याला न्याय कसे म्हणावे? दिव्यांगांसाठी हीच मर्यादा ५०,००० आहे. तेव्हा २१,००० हा आकडा काही दगडावरची रेघ नव्हे.

कोणी म्हणेल, २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजना आहेच. तिची मर्यादा अडीच लाखांची आहे. खरे आहे, आणि ज्यांना ते पैसे मिळतात त्यांनी ते अवश्य घ्यावेत. पण २०२५ साली त्याच योजनेच्या पडताळणीत पतीचा किंवा पित्याचा आधार क्रमांक मागितला गेला. पती व पिता हयात नसलेल्या किंवा घटस्फोट झालेल्या बहिणींना पुढे कागदपत्रे देण्याची मुभा मिळाली. पण जिचा नवरा जिवंत आहे, नांदवत नाही आणि कागदही देत नाही, तिने कोणाच्या दारात उभे राहावे?

कागदाचा हा पेच आपल्या भगिनींना अधिकच जाचतो. निराधार योजनेच्या नियमांत घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या आणि घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या स्त्रियांचा उल्लेख आहे. विवाहबंधन अभेद्य मानणारी आपली स्त्री न्यायालयाची पायरीच चढत नाही. मग तिच्या हाती ना नवरा, ना हुकूमनामा. श्रद्धेपायी तिने उपाशी राहावे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे काय? मुळीच नाही. विभक्त झाल्यावरही मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची तरतूद झालीच पाहिजे, असे धर्मसभेच्या कायद्याचे ११५४ वे कलम सांगते. हक्कांच्या व मुलांच्या रक्षणासाठी दुसरा मार्गच नसेल, तर दिवाणी घटस्फोट सहन केला जाऊ शकतो आणि ते पाप ठरत नाही, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २३८३ व्या परिच्छेदात म्हटले आहे. शिवाय १८६९ च्या घटस्फोट कायद्यातच दोन वर्षांच्या परित्यागावर न्यायिक विभक्ती मिळते. तीत विवाहबंधन तुटत नाही. पोटगीचा अर्ज तर त्याहून सुलभ आहे. पत्नीची थोडीफार कमाई आहे, एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आहे.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला तर हा प्रश्न नवा नाही. १९८८ साली संगमनेरात ॲड. निशा शिवूरकर व समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली. टाकलेल्या स्त्रिया उघड्या मैदानात येऊन बोलल्या. आम्ही मात्र अजून त्यांच्याविषयी मंदिराच्या ओट्यावर कुजबुजतोच!

पवित्र शास्त्रातली रूथ आठवा. हंगामापुरती ती शेतात राबली आणि त्याच शेतातला सरवा हक्काने वेचला. सरवा ही कोणाची मेहरबानी नव्हती. परदेशी, अनाथ व विधवा यांच्यासाठी नियमशास्त्राने तो राखून ठेवला होता. रूथ राबते म्हणून तिने सरवा वेचू नये, असे बवाज म्हणाला नाही. उलट मुठीमुठीने कणसे मुद्दाम टाकून ठेवा, असे त्याने गड्यांना बजावले.

तेव्हा आमचे मागणे दोन आहे. शासनाकडे : निराधार योजनेची मर्यादा वाढवा, आणि दहा महिन्यांच्या मानधनाला बारा महिन्यांचा आधार समजू नका. धर्मग्रामाकडे : अशा भगिनीसोबत तलाठ्याकडे, तहसील कचेरीत व वकिलाकडे चार जाणत्यांनी जावे, शिधापत्रिकेवरचे सासरचे नाव कमी करून तिची स्वतंत्र पत्रिका काढून द्यावी. हरेगावच्या मतमाउलीपुढे मेणबत्ती लावणाऱ्या हातांना एवढे जड जाऊ नये.