धूर कधी येतो?

बाबांची जुनी पेट्रोल गाडी सकाळी सुरू केली की भस्सकन निळा धूर! दोन मिनिटांत गायब. गॅरेजवाला म्हणाला, "रिंगा गेल्यात. इंजिनचं काम निघालं." म्हणजे माझं दोन महिन्यांचं मानधन गेलं! मी गाडी विकायलाच निघाले होते.

दुसऱ्या मेकॅनिककाकांनी आधी विचारलं, "घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की धूर येतो?"

येतो की!

"मग व्हॉल्व्हची ऑइल सील बघू." त्यांचं रबर कडक झालं की रात्रभर ऑइल खाली झिरपतं, उतारावर इंजिन ते ओढून घेतं. रिंगा गेल्या असत्या तर धूर चढावर, जोर लावताना जास्त दिसला असता. कॉम्प्रेशन टेस्ट केली, चारही सिलिंडर ठणठणीत. फक्त सील बदलली.

तेव्हा बॉस, इंजिन खोलू देण्याआधी एवढं सांगाच: धूर नक्की कधी येतो? बाबांची गाडी त्यावरच वाचली.