जखमी कामगाराची वाट

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. सहलीला निघालेल्या या कर्मचाऱ्यांपैकी केवळ एकजण बचावला. तो वर आला, त्याने खबर दिली, तेव्हा अपघात जगाला कळला. भर पावसात आणि धुक्यात दोर सोडून त्या दरीत उतरणाऱ्यांमध्ये आसपासच्या गावांतील तरुण व हौशी गिर्यारोहक आघाडीवर होते. वेळेवर उपचार मिळते तर किती प्राण वाचले असते, या तर्काला आता अर्थ नाही. परंतु एक प्रश्न मात्र त्या दरीतून वर आला आणि तो आजही अनुत्तरित आहे. खाली कोणी जखमी अवस्थेत तग धरून असता, तर त्याच्यापर्यंत पोहोचणे हे कोणाचे कर्तव्य होते? ज्यांनी ते पार पाडले त्यांना ना वेतन होते, ना ती त्यांची नेमणूक होती.

हा प्रश्न एका घाटापुरता नाही. महाड-पोलादपूरच्या जनतेने तो वारंवार अनुभवला आहे. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. महाड शहर पुराने वेढलेले, रस्ते तुटलेले. संघटित मदत गावापर्यंत येईतो दुसरा दिवस उजाडला. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीतील औषधी रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन आग भडकली. ११ कामगार मेले. ज्या तालुक्यात ज्वालाग्राही रसायने दिवसरात्र हाताळली जातात, तेथे गंभीर भाजलेल्या माणसाला आजही मुंबईची वाट धरावी लागते. मुंबई तेथून सुमारे १७० किलोमीटर दूर आहे. जिल्हा रुग्णालय अलिबागला, तेही शंभरेक किलोमीटरांवर. भाजलेल्या, रक्तस्राव होणाऱ्या माणसासाठी पहिला तास मोलाचा, असे वैद्यकशास्त्र सांगते. तो तास महामार्गावर खर्ची पडतो.

डोंगरातील हीच कथा समुद्रातही घडली आहे. जुलै २००५ च्या ज्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई ही गावे दरडींखाली गाडली गेली, त्याच पावसात, २७ जुलै रोजी, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरील मुंबई हाय तेलक्षेत्रात एका सहाय्यक जहाजावरील स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोके कापली गेली. जखम प्राणघातक नव्हती. पण उपचार आवश्यक होते. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर मिळू शकत नव्हते. म्हणून जखमीला तेलाच्या प्लॅटफॉर्मवर उचलून घेण्यासाठी जहाज उसळत्या लाटांत प्लॅटफॉर्मलगत आणले गेले. ते वायू वाहून नेणाऱ्या नळावर आदळले. नळ फुटला, आग भडकली आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला. २२ माणसे प्राणास मुकली.

या घटनेकडे केवळ अपघात म्हणून पाहणे ही स्वतःची फसवणूक होय. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि हेलिकॉप्टर उडू शकत नाही, हे काही त्या दिवशी प्रथम कळलेले सत्य नव्हते. अशा दिवशी एका किरकोळ जखमी कामगाराला सुरक्षितपणे उपचारापर्यंत नेणारी वाट उपलब्ध नव्हती, आणि त्या उणिवेची किंमत बावीस जणांनी चुकविली. पुढे १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात त्याच तेलक्षेत्रातील पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावरील २६१ माणसांपैकी सत्तराहून अधिक मृत्युमुखी पडली. नौदलाने जिवावर उदार होऊन उरलेल्यांना वाचविले. पण नौदलाचे शौर्य ही मालकाच्या जबाबदारीची भरपाई होऊ शकत नाही.

आता समुद्रात पवनचक्क्या उभारण्याचे बेत आहेत. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात व तामिळनाडूच्या किनाऱ्यांलगत प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी अर्थसाहाय्य मंजूर केले. प्रदूषणविरहित विजेला श्रमिकांचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु जमिनीपासून दूर, शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्यावरील अरुंद कोठीत काम करणाऱ्या माणसाचे हृदय अचानक बंद पडू लागले, वा विजेचा धक्का बसला, तर त्याला खाली कोण आणणार? युरोपात उत्तर समुद्रावर अशा कामगारांना प्रथमोपचाराचे, उंचीवरून सुटकेचे व समुद्रात तग धरण्याचे प्रशिक्षण दिले जाते. कारण तेथे डॉक्टर येईपर्यंत सोबतचा कामगारच डॉक्टर असतो.

आपल्याकडील कायदा या बाबतीत मुका नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचार पेटी आणि पाचशेहून अधिक कामगार असल्यास रुग्णवाहिका-कक्ष बंधनकारक केला. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, धोकादायक प्रक्रियांवर अधिक बंधने आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. तिने रुग्णवाहिका-कक्षासाठी पाचशेची अट कायम ठेवली आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. म्हणजे धोका वाढत असताना कायद्याचे छत्र आखडले. आणि दोष केवळ आकड्यांचा नाही. फाटकाच्या आत पेटी असली, तरी फाटकाबाहेर रुग्णालय नसेल तर ती पेटी देखाव्याची वस्तू ठरते. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे, तिचा उपयोगही झाला आहे. पण रुग्णवाहिका जखमीला अखेर कोठे नेणार, हे ठरविणे शासनाचेच काम आहे.

मूळ मुद्दा येथेच आहे. नफ्यासाठी काम दुर्गम जागी नेले जाते. उपचार मात्र शहरातच ठेवले जातात. मधले अंतर हा वस्तुतः उत्पादनाचा खर्च आहे. मालक तो हिशेबात धरत नाही, शासन तो निसर्गाच्या माथी मारते आणि कामगार तो आपल्या प्राणांनी भरतो. डोंगरात दोर घेऊन धावणारा तरुण आणि समुद्रात होडी घालणारा कोळी यांच्या माणुसकीवर ही व्यवस्था फुकट चालली आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. महाडला भाजलेल्या व गंभीर जखमींसाठी चोवीस तास सज्ज असा शासकीय विभाग हवा आणि त्याच्या खर्चाचा वाटा औद्योगिक वसाहतीतील मालकांनी उचलला पाहिजे. कंत्राटी कामगार संख्येतून वगळण्याची पळवाट बंद झाली पाहिजे. आंबेनळीसारख्या घाटांत उतरणाऱ्या स्थानिक तरुणांना साधने, प्रशिक्षण, मानधन व विमा मिळाला पाहिजे. आणि समुद्रातील कोणत्याही प्रकल्पाला, खराब हवामानातही जखमीला किनाऱ्यावर आणण्याची सिद्ध योजना असल्याखेरीज, परवाना मिळता कामा नये.

कामगार संघटना आजवर वेतन, बोनस व नोकरीची शाश्वती यांसाठी लढल्या, ते योग्यच होते. परंतु मागणीपत्रात एक साधा प्रश्न यापुढे प्रत्येक वेळी लिहिला गेला पाहिजे: येथे माणूस जखमी झाला, तर तो किती वेळात आणि कोणाच्या जबाबदारीवर डॉक्टरापुढे पोहोचेल? ज्या मालकाजवळ याचे उत्तर नाही, त्याला तेथे काम चालविण्याचा अधिकार नाही.